बारा माशांचा तोळा

जून महिना हा महाविद्यालयांतून प्रवेशाचा महिना. मुळशीच्या खोऱ्यात भाताची रोपे तरारू लागतात त्याच सुमारास आमच्या कचेरीपुढे अर्जदारांच्या रांगा लागतात आणि प्राध्यापकांनाही खिडकीपाशी बसून अर्ज तपासण्याचे काम करावे लागते. २०२४ सालच्या जूनमध्ये अशीच एक विद्यार्थिनी अर्ज घेऊन आली. अक्षर नेटके, गुण चांगले, सर्व रकाने भरलेले. फक्त जातीचा रकाना कोरा. नजरचुकीने राहिला असेल असे समजून मी अर्ज तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, "सर, तिथं काय लिहायचं ते तुम्हीच सांगा."

तिची हकीगत थोडक्यात अशी. वडील मराठा, याच तालुक्यातल्या बऱ्यापैकी शेतजमीन असलेल्या घरातले. आई बौद्ध. दोघांनी पुण्यात नोंदणी पद्धतीने विवाह केला. मुलगी चार वर्षांची असताना वडील अपघातात गेले आणि तेव्हापासून ती आजोळी, आईच्या माणसांत वाढली. बुद्धवंदना तिला पाठ आहे. जयंतीच्या मिरवणुकीत ती चालते. वस्तीतल्या माणसाला गावात जे ऐकून घ्यावे लागते, तेही तिने ऐकून घेतले आहे. परंतु शाळेत नाव घालताना गुरुजींनी रिवाजाप्रमाणे वडिलांची जात विचारली आणि दाखल्यावर 'हिंदू-मराठा' अशी नोंद झाली. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी असलेल्या वसतिगृहाचा मार्ग या एका नोंदीने अडवला. मराठा समाजासाठी २०२४ सालच्या राज्याच्या कायद्याने दिलेल्या आरक्षणाचा दाखला काढावा, तर त्यासाठी वडिलांच्या घराण्याचे जुने कागद हवेत आणि ते घराणे दार उघडत नाही. सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात वारस म्हणून तिचे नाव लागलेले नाही. थोडक्यात, नाव एका घरचे आणि भाकरी दुसऱ्या घरची. ज्या घराने नाव दिले त्याने जमीन दिली नाही. ज्या घराने भाकरी दिली त्याला कागद देता येत नाही.

हा प्रश्न एका मुलीपुरता असता तर त्यासाठी वृत्तपत्राची जागा अडवण्याचे कारण नव्हते. भिन्न जातींच्या स्त्री-पुरुषांनी विवाह करावा की नाही, यावर महाराष्ट्रात शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चा झाली. सभा झाल्या, सत्कार झाले, सरकारी अनुदानेही आली. त्या विवाहातून जन्मणाऱ्या मुलाने कोठे उभे राहायचे, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही. विवाह हा दोन सज्ञान माणसांचा निर्णय असतो. त्याची किंमत त्यांनी समजून-उमजून मोजलेली असते. मुलाला कोणी विचारलेले नसते आणि हिशेब मात्र त्याच्या नावे लिहिला जातो.

एकाच वर्षीचे दोन कायदे

योगायोग असा की, १९४९ या एकाच वर्षी दोन देशांनी विवाहाविषयी परस्परविरुद्ध कायदे केले. दक्षिण आफ्रिकेने गोऱ्यांचे इतर वंशीयांशी होणारे विवाह बेकायदा ठरवले. भारताने त्याच वर्षी हिंदू विवाह वैधता कायदा करून, वधूवरांची जात वा पोटजात भिन्न आहे एवढ्या कारणावरून कोणताही हिंदू विवाह अवैध ठरणार नाही, असे जाहीर केले. विठ्ठलभाई पटेलांनी याच आशयाचे विधेयक १९१८ साली मांडले होते आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्याला उघड पाठिंबा दिला होता. त्या वेळी ते संमत झाले नाही. जे तेव्हा साधले नाही ते स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत साधले, ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे यात शंका नाही.

दक्षिण आफ्रिकेत पुढल्याच वर्षी, १९५० साली, लोकसंख्या नोंदणीचा कायदा झाला आणि प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे त्याचा वंश लिहिला जाऊ लागला. ज्यांच्याविषयी संशय असे त्यांच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर एक वंश, अडकून राहिली तर दुसरा. एकाच आईची मुले वेगवेगळ्या वंशांत नोंदली गेल्याची उदाहरणे आहेत. ट्रेव्हर नोआ हा आज जगभर प्रसिद्ध असलेला विनोदकार १९८४ साली जोहान्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय आई आणि स्विस बाप यांच्या पोटी जन्मला. आईबापांचा संबंधच त्या वेळी गुन्हा असल्यामुळे २०१६ साली त्याने आत्मकथन लिहिले तेव्हा आपल्या जन्माला गुन्हा हेच विशेषण लावले. मिश्र विवाहांवरची बंदी तेथे १९८५ साली उठली आणि वंशनोंदणीचा कायदा १९९१ साली रद्द झाला. अमेरिकेतही काही राज्यांत असलेली अशीच बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालापर्यंत मोडून काढलेली नव्हती.

आपल्याकडे अशी पेन्सिल कोणी वापरली नाही. चेहऱ्यावरून जात ओळखता येत नाही, म्हणून आपण आडनाव विचारतो. त्याने समाधान झाले नाही तर गाव विचारतो आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर 'पाहुणे कुठले?' असे विचारतो. या तीन प्रश्नांत पेन्सिलीचे सारे काम होऊन जाते. कायद्याने दार उघडून पाऊणशे वर्षे उलटली, पण त्यातून आत जाणारे किती? २०११-१२ साली झालेल्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास आढळले. म्हणजे वीस घरांत एक. त्या एका घरातली मुले उरलेल्या एकोणीस घरांच्या मोजमापाने मोजली जातात.

सोनाराचा शब्द

मराठी भाषेने अशा मुलासाठी जो शब्द वापरला तो सोनाराच्या तराजूवरून आला आहे. बारा मासे म्हणजे एक तोळा. ज्याचा जन्म जातीच्या मान्यतेने झाला तो पुरता बारा माशांचा. ज्याच्या जन्मात दोन कुळे जातीच्या संमतीवाचून एकत्र आली तो एका माशाने कमी, म्हणून अक्करमाशी. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली हाच शब्द आपल्या आत्मकथनाचे नाव म्हणून घेतला आणि शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द मराठी वाङ्मयात कायमचा नोंदवून ठेवला. आई महार, जन्मदाता लिंगायत समाजातला पाटील. मुलाने आपले म्हणून सांगावे असे एकही घर नाही. त्या पुस्तकात शाळेचा एक प्रसंग आहे. मुलाच्या बापाचे नाव काय लावायचे, असा प्रश्न येतो तेव्हा मास्तर जन्मदात्या पाटलाचे नाव पटावर लिहितात आणि दडपण आले तरी ते बदलत नाहीत. शिक्षकांनी तो प्रसंग पुन्हा एकदा अवश्य वाचावा. त्यावर पुढे यायचेच आहे.

तेथे विवाह नव्हता. आजच्या मुलांच्या आईबापांजवळ विवाहाचे प्रमाणपत्र असते. हा भेद मोठा आहे हे खरे. परंतु तराजू तोच आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कोणत्या वर्णाच्या पुरुषापासून कोणत्या वर्णाच्या स्त्रीला झालेले मूल कोणत्या जातीचे, याचे लांबलचक कोष्टक दिलेले आहे. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचे अपत्य चांडाळ, असे ते कोष्टक सांगते. त्यातले शास्त्र बाजूला ठेवले तरी त्यामागची दृष्टी ध्यानात घेण्यासारखी आहे. दोन कप्प्यांतून आलेल्या मुलाला दोन्ही कप्पे आपले म्हणत नाहीत, तर त्याच्यासाठी तिसरा कप्पा तयार केला जातो आणि तो बहुधा खालचा असतो.

हा दोष एका धर्माचा मानावा, तर ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेल्यावर दुसरे उदाहरण भेटते. कुलाबा जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायली ज्यू मराठी बोलत, तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्यात गोरे इस्रायली आणि काळे इस्रायली असे दोन भेद होते. ज्यू पुरुष आणि इतर समाजांतील स्त्रिया यांच्या संततीला काळे म्हणत आणि गोऱ्यांचा त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे. वर्णव्यवस्था ज्यांच्या धर्मग्रंथात नाही त्यांनी शेजाऱ्यांची रीत उचलली होती. नियतीचा खेळ असा की, हाच समाज इस्रायलमध्ये जाऊन वसल्यावर तेथील धर्मगुरूंच्या प्रमुख मंडळाने १९६२ साली त्यांच्याच वंशशुद्धीची शंका घेतली. इतर ज्यूंशी विवाह करायचा असेल तर बेने इस्रायलींच्या पूर्वजांची तपासणी करावी, असा निर्देश निघाला. त्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १९६४ साली इस्रायलच्या सरकारला, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत, असे जाहीर करावे लागले. दुसऱ्याला तोलणारा माणूस आपणही कोणाच्या तरी पारड्यात असतो, हे यावरून दिसते.

जमिनीचा भाव आणि जातीची वेस

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, जातीचे खरे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे जातीअंतर्गत विवाह, असे प्रतिपादन केले होते. शिवाशिव, व्यवसाय, आचार या गोष्टी नंतरच्या. ज्या गटाला बंदिस्त राहायचे असते त्याला प्रथम विवाहाची वेस बंद करावी लागते. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनाचा उपाय सांगताना त्यांनी आंतरजातीय विवाहावरच बोट ठेवले, ते याच तर्काने. तर्क उलटा करून पाहिला तर असे दिसेल की, मिश्र विवाहाचे मूल हे त्या वेशीला पडलेले खिंडार असते. जातीला त्या मुलाविषयी वाटणारी अस्वस्थता केवळ भावनेची नसते. तिच्यामागे मालमत्तेचा प्रश्न असतो.

मुळशी तालुक्यात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या खोऱ्यात सत्याग्रह झाला तेव्हा जमीन म्हणजे शेतकऱ्याचे पोट होते. आज तिला बाजारभाव आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र याच तालुक्यात उभे राहिले. पिरंगुटला कारखाने आले. भूगाव-बावधनकडून शहर सरकत आले. भाताच्या खाचराची किंमत भाताच्या उत्पन्नावर ठरण्याचे दिवस गेले. याच काळात, १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली संबंध देशात, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क मिळाला. जमिनीचा भाव वाढावा आणि त्याच वेळी हक्कदारही वाढावेत, हे घराण्यांना परवडत नाही. म्हणून सख्ख्या बहिणींकडून भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची चाल पडली आहे. जेथे सख्ख्या बहिणीला ही वागणूक, तेथे परजातीच्या सुनेच्या मुलीची काय कथा! तिला आपली म्हटले तर पंगतीत एक पान वाढेल, एवढाच प्रश्न नसतो. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब तिच्यामागून येतो. माणसे जातीची भाषा बोलतात आणि त्याखाली सातबाऱ्याचा हिशेब चालू असतो.

याच तालुक्यात उलट चित्रही आहे. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून निरनिराळ्या प्रांतांची आणि जातींची तरुण मंडळी एकत्र काम करतात, विवाह करतात आणि वाकड-बावधनच्या सदनिकांत संसार थाटतात. त्यांच्या मुलांना 'पाहुणे कुठले?' असे सहसा कोणी विचारत नाही. पगार चांगला, घर स्वतःचे, सवलतीच्या दाखल्याची गरज नाही, गावच्या जमिनीवर भिस्त नाही. जातीचा रकाना कोरा ठेवणे त्यांना परवडते. वीस किलोमीटर आत, कोळवणच्या खोऱ्यात वा धरणाच्या काठी वाढणाऱ्या मुलाला ते परवडत नाही. जात विसरण्यालाही काही किमान उत्पन्न लागते. त्यामुळे शहरातल्या अशा कुटुंबांकडे पाहून प्रश्न सुटला असे मानणे ही स्वतःची फसवणूक होईल.

दोन गावांमधले घर

येथवर आल्यावर प्रस्तुत लेखकाने स्वतःविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझे वडील मराठा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आई बौद्ध, आरोग्य उपकेंद्रात नर्स. १९७८ साली त्यांनी विवाह केला आणि दोघांच्याही गावी राहणे शक्य नसल्यामुळे पौडला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. माझे बालपण तेथे गेले. दोन्ही गावे सायकलने जाण्याइतकी जवळ होती.

वडिलांच्या गावी माझ्यावर कोणी कधी हात उगारला नाही की वाईट शब्द बोलले नाही. आजोबा मला खांद्यावर बसवून शेतावर नेत. गावच्या उत्सवात मात्र पंगत बसायच्या आधीच चुलती म्हणे, "पोराला भूक लागली असंल, त्याला आधी वाढा." मग ओसरीच्या कोपऱ्यात माझे ताट येई. मी जेवून उठल्यावर पंगत बसे. आपल्यावर किती माया करतात, असेच मला बरीच वर्षे वाटत होते. तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदा मी भूक नाही म्हणून सांगितले आणि सरळ चुलतभावाच्या शेजारी पानावर जाऊन बसलो. कोणी उठवले नाही. पण माझ्या उजव्या हाताचे पान रिकामे राहिले आणि शेवटपर्यंत त्यावर कोणी बसले नाही. आजोबांनी त्या दिवशी जेवण लवकर आटोपले. पुढच्या वर्षी उत्सवाला गेलो तेव्हा ते मला घेऊन आधीच शेतावर निघून गेले. नातवाचा अपमान त्यांना पाहवत नव्हता आणि पंगतीतल्या माणसांना बोलण्याचे धैर्यही त्यांच्याजवळ नव्हते.

आजोळी याच्या उलट. तेथे माझ्यासाठी खाटेवर धुतलेली चादर घातली जाई आणि फळीवरचा ठेवणीतला पेला निघे. मामाची मुले जमिनीवर बसत आणि मी खाटेवर. जयंतीच्या वेळी लेझमीच्या फेरीत शिरू लागलो तर कोणीतरी म्हणे, "नको रे बाबा, तुझ्या आज्याला कळलं तर?" त्या शब्दांत आकस नव्हता. पिढ्यानुपिढ्यांचे भय होते. एका गावी मला पंगतीबाहेर ठेवले, दुसऱ्या गावी खाटेवर. दोन्हीकडे हेतू चांगला होता आणि दोन्हीकडे मी पाहुणा होतो.

माझ्या दाखल्यावर वडिलांची जात आहे. मी सवलत कधी मागितली नाही आणि मागायला नको होती, असेच माझे मत आहे. कारण दोन पगार असलेल्या घरात मी वाढलो. मामाच्या मुलांनी जे सोसले ते मी सोसलेले नाही. त्या विद्यार्थिनीने ते सोसले आहे. आम्हा दोघांच्या आईबापांच्या जाती त्याच, क्रमही तोच. तरीही आमची आयुष्ये एका रकान्यात बसणारी नाहीत, हे मला येथे सांगायचे आहे.

रकाना एक, माणसे दोन

कायद्याची स्थिती पूर्वीइतकी अंधारी नाही. गुजरातमधील रमेशभाई नायका यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली महत्त्वाचा निर्णय दिला. आई आदिवासी आणि वडील बिगरआदिवासी, असा तो खटला होता. मूल वडिलांच्या जातीचे असे गृहीत धरले जाईल, परंतु ते गृहीत अंतिम नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. मूल आईने वाढवले, आईच्या समाजाला जो अवमान आणि जी वंचितता भोगावी लागते ती त्याच्याही वाट्याला आली, त्या समाजाने त्याला आपले मानले, हे पुराव्याने दाखवून देण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे. जन्मापेक्षा जगणे पाहा, असा या निर्णयाचा आशय आहे.

प्रत्यक्षात अडते ते पुराव्यापाशी. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दावा तपासताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे व जातीचे कागद मागितले जातात, आणि ते मागताना नजर वडिलांकडील वंशावळीकडे असते. आजोबांचा दाखला, चुलत्याचे प्रमाणपत्र, आत्याची नोंद. ज्या मुलीला चुलत्याच्या घरात पाऊल टाकता येत नाही, तिने चुलत्याचे प्रमाणपत्र कोठून आणावे? मामाचे प्रमाणपत्र तिच्याजवळ आहे. पण त्याच्यासाठी यादीत जागा नाही. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला, तो सर्वांनी स्वागतार्ह मानला. आईचे नाव कागदावर आले. आईची वंशावळ अजून यायची आहे. आंतरजातीय जोडप्याला सरकार ५० हजार रुपये अनुदान देते, तेही योग्यच आहे. पण पुढे मुलाला नाव घालायला शाळेत नेल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो त्या रकमेने सुटत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, आईकडून दाखला मिळू लागला तर सुखवस्तू घरातली मुले सवलतींवर हक्क सांगतील आणि खऱ्या गरजूंच्या जागा जातील. ही भीती निराधार नाही. म्हणूनच केवळ आईच्या जातीवर दाखला मिळावा, असे मी म्हणत नाही. न्यायालयाने घालून दिलेली जगण्याची कसोटी काटेकोरपणे लावावी. त्या कसोटीवर प्रस्तुत लेखक नापास होईल आणि ती विद्यार्थिनी उत्तीर्ण होईल. कसोटी असावी ती अशीच.

दुसरा आक्षेप आदर्शवाद्यांचा. जात मोडायची असेल तर रकानाच काढून टाका, आणखी एक कशाला वाढवता, असे ते म्हणतात. अंतिम ध्येय म्हणून ते मलाही मान्य आहे. परंतु २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला आहे. १९३१ नंतर प्रथमच देशभर सर्व जातींची अशी शिरगणती व्हायची आहे. मोजायचेच ठरले असेल तर खरे मोजावे. ज्या घरात दोन जाती आहेत तेथे दोन लिहाव्यात आणि कोणाला लिहायचीच नसेल तर तशीही नोंद घ्यावी. अमेरिकेने २००० सालच्या जनगणनेपासून नागरिकाला एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा दिली, त्याने आकडेमोड कोलमडली नाही. मिश्र मुलांसाठी निराळी तिसरी जात मात्र करू नये. ती चूक मनूच्या कोष्टकाने एकदा केली आणि दक्षिण आफ्रिकेच्या नोंदवहीने दुसऱ्यांदा. दोन घरच्या मुलाला दोन्ही घरे हवी असतात. तिसऱ्या घरी पाठवल्याने त्याची सोय होत नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षक आणि कारकून बांधवांसाठी. मंत्रालयात काय ठरेल ते ठरो; मुलाच्या नोंदीचा पहिला शब्द आपल्या लेखणीतून उतरतो. शाळेच्या पटावर घाईने लिहिलेला एक शब्द पंधरा वर्षांनी वसतिगृहाचे दार बंद करतो आणि तो दुरुस्त करून घेण्यात तारुण्यातली उमेदीची वर्षे जातात. तेव्हा नाव घालायला आई एकटी आली असेल तर रिवाजाने लिहू नये. मूल कोणाजवळ वाढते हे विचारावे, आईचे कागद पाहावेत, ती सांगेल ते टिपून ठेवावे आणि शंका असेल तर वरिष्ठांकडे लेखी विचारणा करावी. लिंबाळ्यांच्या पुस्तकातल्या त्या मास्तरांजवळ कोणताही शासन निर्णय नव्हता. समोर उभ्या असलेल्या मुलाचे सत्य लिहायचे, एवढेच त्यांनी ठरवले होते.

त्या विद्यार्थिनीचा रकाना मी त्या दिवशी कोराच ठेवला. तिने खुल्या वर्गातून प्रवेश घेतला आणि शुल्क हप्त्यांनी भरले. वसतिगृह नसल्यामुळे रोज जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातात. आईकडील कागद आणि २०१२ च्या निर्णयाची प्रत जोडून तिने दाखल्यासाठी अर्ज केला आहे. हा लेख लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नाही. वारसनोंदीसाठीही अर्ज द्यावा, असे मी सुचवले. ती म्हणाली, "जमीन नको सर, पण माझ्या वडलांच्या नावाखाली माझं नाव असावं एवढं वाटतं." अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात या मागणीचे मूल्य काढण्याची रीत दिलेली नाही.

वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा आपण १९५६ साली केला. त्यानंतर काही वर्षांत शेर, तोळा आणि मासा सरकारी व्यवहारातून गेले. सोनाराच्या दुकानात तोळा हा शब्द अजून कानावर येतो, पण काटा ग्रॅमचा असतो. त्या काट्यावर सोने टाकले की त्याचे जेवढे वजन असेल तेवढेच दिसते. कोणत्या घरचे, असे तो काटा विचारत नाही. धातूच्या बाबतीत जो न्याय आपण सत्तर वर्षांपूर्वी मान्य केला, तो माणसांच्या मुलांना लागू करण्यास आणखी किती वर्षे घ्यायची, याचा निर्णय आपणच करावयाचा आहे.